जिवली आणि माझं तोंड

रविवार, २ फेब्रुवारी

संपलं एकदाचं प्रशिक्षण! तीन दिवस मुरबाडला. कार्डपेपर, स्केचपेन, दुपारी वडापाव आणि शेवटी प्रमाणपत्र. 'सखी मार्गदर्शक, सौ. नम्रता.' परतीच्या एसटीत ते पिशवीतून चार वेळा काढून बघितलं. शहापूरला उतरल्या उतरल्या लॅमिनेशन करून घेतलं. दुकानात मापं घेते त्या आरशाच्या बरोबर वर लावलंय. ब्लाउजचं माप द्यायला उभी राहिलेली बाई दुसरीकडे बघूच शकणार नाही.

संस्थेचं काम असं: शाळा सुटलेली किंवा सुटायच्या बेतात असलेली एक मुलगी आणि तिच्यासाठी एक मोठी बाई. वर्षभर, दर रविवारी दोन तास. बाई स्वतःच्या पायावर उभी असलेली हवी. मी आहे उभी — मशीनवर बसून!

शिकवणारे कुंडलिक सर तीन दिवस एकच सांगत होते. "तुम्ही बोलायचं नाही. ऐकायचं." मला हे इतकं पटलं, इतकं पटलं, की मी उठून त्यावर दहा मिनिटं बोलले.

सुनिलला सगळं सांगितलं. नवरा म्हणून कौतुक करावं की नाही? म्हणाला, "त्या पोरीचं कसं होणार!"

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलगी मिळाली. जिवली नाव. सोळा वर्षांची. किन्हवलीच्या पुढे डोंगराकडच्या वाडीत राहते. एसटी, मग जीप, मग वीस मिनिटं चढ. संस्थेची सोनाली सोबत होती, ती पंचवीसची, तिला दम लागत नाही. माझा फोटो काढायच्या लायकीचा चेहरा झाला होता.

वसतिगृहात राहून शिकत होती. दहावीत गेली, भातकापणीला घरी आली ती परत गेलीच नाही. का? कुणालाच नीट सांगता येत नाही. आई ठकी म्हणते, "ऱ्हायलं तं ऱ्हायलं." बाप वाळू काही म्हणतच नाही.

सोनाली ओळख करून देऊन दुसऱ्या वाडीत गेली. आम्ही दोघी ओट्यावर. जिवली गप्प. शांतता मला सोसत नाही, हे माझ्या आईनेही सांगितलं असतं. मी सुरू झाले. माझं बालपण, माझं लग्न, पहिली मशीन, मशीनचा तुटलेला पट्टा, सासूबाईंचं ऑपरेशन. दोन तास! ती माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, भारावली.

शेवटी बोलली. "मावशी, तुमची गाडी गेली."

शेवटची जीप. ती कितीतरी वेळ दिसत होती म्हणे, पण मी बोलत होते. किन्हवलीपर्यंत चालत.

संस्थेला पाठवायच्या अहवालात लिहिलं — 'मुलीने मोकळेपणाने संवाद साधला.'

रविवार, १६ फेब्रुवारी

आज तीन शब्द. "पानी देऊ का?" मी हो म्हणाले आणि डोंगरावरून पाणी आणणाऱ्या बायकांचं जीवन या विषयावर तिला अर्धा तास माहिती दिली. ती तेच पाणी आणून बसली होती.

रविवार, २ मार्च

शिवण शिकवायचं ठरवून गेले. कात्री, कापड, टेप, सगळं वाहून नेलं. काज कसं करायचं ते दाखवलं. तिने एक केलं. इतकं वाकडं काज मी वीस वर्षांत बघितलं नव्हतं. म्हटलं, "जमेल हळूहळू." तर सरळ म्हणाली, "मला नाय आवडत शिवन." वाईट वाटलं. पण पूर्ण वाक्य होतं! चार शब्दांचं!

तेवढ्यात शेजारची धोंडूबाई आली, कागद घेऊन. सरकारी निराधार योजनेचा पगार बंद झाला, का ते कळेना. जिवलीने कागद हातात घेतला आणि ती एकदम दुसरीच पोरगी झाली. भराभर वाचला. "आजी, तुजं नाव आधारवर येगळं हाय नि बँकेत येगळं. ते सारखं करावं लागंल." मग वहीचं पान फाडून अर्ज लिहायला बसली. काय अक्षर! आख्ख्या वाडीचे कागद हीच वाचते म्हणे. मी या मुलीला तीन आठवडे माझी सासू आणि आज काज शिकवत होते.

मध्येच थांबून विचारलं, "मावशी, खाली 'आपली विश्वासू' लिवायचं का 'आपली नम्र'?"

"नम्र लिही," मी म्हटलं. अधिकाराने! खरं काय ते मला ठाऊक नाही. नाव नम्रता म्हणून लोकांना वाटतं मला यातलं कळत असेल.

रविवार, २३ मार्च

आज सोन्याचा दिवस!!

मी निघाले तशी जीपपर्यंत सोबत आली. वाटेत खाली बघून म्हणाली, "मला परत धाव्वीला बसायचंय. घरात अजून सांगितलं नाय. बाबाला मीच सांगनार, टाइम बघून."

मी रस्त्यातच तिला मिठी मारली. ती खांबासारखी उभी. असू दे. कुंडलिक सर, बघा! नम्रता ऐकते!

जीपमध्ये आनंद मावेना. पुढच्या सीटवर होते. जीपवाल्या पंढरीला सांगितलं. चांगला माणूस आहे, तो पण खूश झाला. मग एसटीत शेजारच्या बाईला. दुकानात दोन गिऱ्हाइकांना. सुनिलला दोनदा.

रविवार, ३० मार्च

पाडवा. श्रीखंडाचा डबा घेऊन गेले. ओट्यावर कुणी नाही. ठकीने आतून सांगितलं, "ती नाय बोलायची तुमच्याशी."

पंढरी जीपवाल्याने वाळूदादांचं अभिनंदन केलं होतं. भर बाजारात, चार माणसांत. "काय वाळूदादा, पोरगी परत शाळंत जाते जनू!" बापाला काहीच माहीत नाही. घरी येऊन तो ओरडला नाही की मारलं नाही. एवढंच म्हणाला, "पोरगी घरात बोलत नाय नि बाहेर गावाला सांगते."

जिवली परसात भेटली. भांडी घासत होती. मान वर केली नाही. "तुमी सांगितलं."

तेवढंच.   श्रीखंड ठेवून आले.

अहवाल कोरा पाठवला.

रविवार, ६ एप्रिल

आजचं लिहून टाकते.

वाडीत पोचले तर वाळूदादांच्या अंगणात पाहुणे. मुरबाडकडचं स्थळ. मुलगा मनोज, बाविशीचा, गोडाऊनला कामाला. त्याचा मामा सावळाराम, दोन बायका. चहा चालला होता. लग्न अठरा मेला. सोळा वर्षांची पोरगी चहाचा ट्रे घेऊन उभी, नव्या साडीत. साडीचा फॉल माझ्या दुकानात लावलेला नाही, याचंच मला आधी वाईट वाटलं, असली मी!

मग मी बोलले. अंगणाच्या मधोमध. कायदा, शिक्षा, पोलीस, जेल, मुलीची तब्येत, सावित्रीबाई, सगळं. बोट उगारून. वाळूदादांना म्हटलं, "बाप आहात की कोण आहात?" पाहुण्यांसमोर! मामाने कप खाली ठेवला. मनोज बिचारा चपला शोधायला लागला. सगळे गप्प झाले आणि मला वाटलं, जिंकले.

वाळूदादा उठले. दोन्ही हात जोडले. आवाज अगदी हळू. "मॅडम, फुडल्या रविवारी येऊ नका."

जिवली दारातून बघत होती. रडत नव्हती. मी कशी बोलते ते बघत होती, जशी ती कागद वाचते तशी.

मंगळवार, ८ एप्रिल

सोनालीचा फोन. लग्न अलीकडे घेतलं. मे नाही, तीस एप्रिल, अक्षय्य तृतीया. माझ्या पोलिसांच्या धमकीमुळे — उरकूनच टाकू म्हणाले.

बावीस दिवस! मी त्या पोरीचे अठरा दिवस कमी केले, एका भाषणात.

"आता मी काय करू?" विचारलं. सोनाली म्हणाली, "मी आज जिवलीशी बोलून आले. आम्ही बघतो. तुम्ही एक काम करा नम्रताताई. गप्प बसा."

बुधवार, ९ एप्रिल

राजीनाम्याची चार पत्रं लिहिली. चारही लांब झाली. शेवटच्यात तर मी स्वतःचाच सत्कार केल्यासारखं वाटत होतं.

प्रमाणपत्राकडे बघवत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "अगं बाई, मार्गदर्शक का तुम्ही?" मी म्हणते, "बाही किती ठेवू?"

सुनिल जेवला. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "त्या माणसाचा तू त्याच्या दारात अपमान केलास. लग्नाचं ते लोक बघतील. पण हे तर तुझं आहे ना? जाऊन सांग चुकलं म्हणून." सतरा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्यापेक्षा लांब बोलला.

रविवार, १३ एप्रिल

गेले. 'येऊ नका' सांगितलेलं असून.

वाळूदादा शेतात होते. राबाची तयारी — रोपांची जागा भाजायला पालापाचोळा पसरत होते. मी बांधावर उभी. ते काम थांबवेनात. मग मीही एक भारा उचलला. पाच-सहा भारे वाहिले. नवीन पंजाबी ड्रेसचं वाटोळं झालं.

म्हटलं, "दादा, पाहुण्यांसमोर तुम्हाला बोलले, ते चुकलं." आणि मग — हे मी इथे ठळक लिहिते — थांबले.

आणखी एक भारा आणला. मग वाळूदादाच बोलायला लागले. जिवली आठवीत असताना वसतिगृहात तापली. चार दिवस यांना खबरच नाही. पाचव्या दिवशी हे सहज डबा घेऊन गेले तर पोरगी डोळे उघडत नव्हती. पाठीवर टाकून दवाखान्यात नेली. "तवापास्नं मला झोप नाय तिच्या शाळंची. लगीन झालं म्हंजे कुनाच्या तरी नजरंसमोर ऱ्हाईल. तुमाला काय वाटतं, आमाला पोरगी जड झाली?"

मला तेच वाटत होतं. तेच मी अंगणात ओरडून सांगितलं होतं.

पंचेचाळीस मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. घड्याळ बघितलं होतं. मी निघाले तर दादा म्हणाले, "चा घेऊन जावा."

जिवली दिसली नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

लग्न थांबलं!!! सोनालीचा फोन आला आणि मी दुकानात ओरडले. गिऱ्हाइकाला टाचणी टोचली.

ग्रामसेवक दोन्ही घरी जाऊन बसला म्हणे. कायदा वाचून दाखवला, शांतपणे समजावलं. मनोजच्या मामानेच हात झटकले, मुलगी अठराची झाल्यावर बघू. वाळूदादाही नाही म्हणाले नाहीत.

"ग्रामसेवकाला कळलं कसं?"

"कळलं कुठूनतरी," सोनाली म्हणाली.

कुठूनतरी! माझं अंगणातलं भाषण पंचक्रोशीत गाजलं असणार. आणि वर बांधावरचं माझं ऐकणं! आधी भाषण, मग ऐकणं — दोन्हीचा असर. संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहापूरला सांगून झालं. सुनिल म्हणाला, "नक्की तुझ्यामुळे?" जळतो.

रविवार, ४ मे

जिवली बोलते परत. थोडं. जुन्या प्रश्नपत्रिका मागितल्या होत्या, नेल्या. बीजगणित मी समजावून सांगितलं. माझं उत्तर आलं, बसमध्ये उणे सात माणसं. पोरगी हसली! मोठ्याने, ओढणी तोंडात कोंबून. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

रविवार, २५ मे

शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. मुरबाडला संस्थेचा कार्यक्रम. 'बालविवाह रोखणाऱ्या नम्रताताई'. मी बोलले. पाच मिनिटं दिली होती, वीस घेतली. अंगण, बोट उगारणं, राब, भारे. राबाचं सांगताना स्वतःच रडले. बायकाही रडल्या. सोनाली मागे उभी राहून सारखी मोबाइल बघत होती. या पिढीला भावनाच नाहीत.

जिवली तिसऱ्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

गुरुवार, २९ मे

पेपरात आलं!! फोटो, तीन ओळी. लॅमिनेशन.

गुरुवार, ५ जून

कसं लिहू?

बारा तारखेला तालुक्याचा महिला मेळावा आहे. मला बोलावलंय. माझ्या डोक्यातून निघालं, स्टेजवर जिवली आणि वाळूदादांनाही आणू. बाप-लेकीला शेजारी उभं करू, नावानिशी सगळी गोष्ट सांगू. सोनालीला कळवलं. तर ती तासाभरात दुकानात हजर. शटर अर्धं ओढायला लावलं.

"नम्रताताई, हे करू नका."

मी म्हटलं, का, संस्थेला माझं नाव झालेलं चालत नाही का? म्हटलंच मी असं. तोंड माझं!

तिने मोबाइल काढला. मग म्हणाली, "जिवलीला विचारून आलेय. ती म्हणाली, आता सांगा त्यांना, नायतर त्या स्टेजवर जातील."

अकरा एप्रिलला, म्हणजे मी बांधावर भारे वाहायच्या दोन दिवस आधी, जिवली एकटी चालत खाली आली होती. ग्रामसेवकाला अर्ज दिला. स्वतः लिहिलेला. जन्मदाखल्याची झेरॉक्स जोडून. त्यात लिहिलं होतं, माझं वय सोळा वर्षं दोन महिने आहे, माझं लग्न ठरवलं आहे, मला दहावी करायची आहे, कायद्याप्रमाणे थांबवावं. कुणी शिकवलं नव्हतं. धोंडूबाईचा पगार सुरू केला तसंच.

आणि शेवटी दोन ओळी. सोनालीने त्या मोबाइलमधल्या अर्जाच्या फोटोवरून वाचून दाखवल्या. मला पाठ झाल्यात.

'माझे नाव वडिलांना सांगू नये. ते वाईट नाहीत, त्यांना लाज वाटेल. आमच्या नम्रतामावशींनाही सांगू नये. त्या चांगल्या आहेत पण सगळ्यांना सांगतात.'

शुक्रवार, ६ जून

म्हणजे मी वीस मिनिटं बोलत होते तेव्हा लग्न थांबवणारी बाई तिसऱ्या रांगेत बसून मला टाळ्या वाजवत होती.

मेळाव्याला घसा बसलाय म्हणून कळवलं. सुनिल म्हणाला, "घसा? तुझा?"

सकाळपासून वाटतंय, सगळ्यांना खरं सांगून टाकावं. दुकानात पाटीच लावावी. पण मग नीट बघितलं स्वतःकडे — त्यातही मीच! 'बघा, किती प्रामाणिक बाई!' आणि एकाला सांगितलं की पंढरीच्या जीपमधून ते वाळूदादांच्या दारात. तेव्हा खोटी शाल अंगावर घेऊन गुपचूप बसायचं. लोकांनी "शाब्बास हो ताई" म्हणायचं आणि मी नुसतं हं म्हणायचं. आज सहा जणींनी म्हटलं. सहा वेळा हं.

पेपरातला तुकडा काढला. प्रमाणपत्र पण. भिंतीवर दोन पांढरे चौकोन राहिलेत.

सुनिललाही सांगितलं नाही.

रविवार, ८ जून

जाऊ का नको करत गेले. जिवली ओट्यावर पुस्तकं घेऊन बसली होती. मी बाजूला बसले. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. सगळं विसरले.

तीच म्हणाली, "रागावलात?"

"नाही गं."

"मला वाटलं आता येनार नाय तुमी."

मी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "भाषन चांगलं केलंत तवा. लांब होतं." आणि पुस्तकाचं पान उलटलं.

मग वाळूदादा आले. टोपी काढून बसले. म्हणाले, वसतिगृहात पाठवणार नाही ते नाहीच. पण किन्हवलीच्या शाळेत रोज एसटीने जाऊन-येऊन बसत असेल तर बघू. "तुमी पेपरात आलात. तुमाला समदे वळखतात. शाळंत तुमी सोता सोनालीबाईसोबत जाऊन तुमचा नंबर द्या, वाटेत पोरीचं काय झालं-बिलं तं खबर तुमच्याकडं यावी, तुमी लगेच मला सांगाल. सांगनं तं तुमाला जमतं."

जिवलीने पुस्तकाआड तोंड लपवलं. हसत होती, कारटी.

म्हणजे त्या खोट्या बातमीचा एवढा उपयोग झाला. मी "हो" म्हणाले. एवढंच. आतून शंभर वाक्यं धावून येत होती.

बुधवार, ११ जून

प्रवेश झाला. दहावी 'ब'. मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुम्ही कोण?" सोनाली सांगणार इतक्यात जिवली म्हणाली, "माझी मावशी."

गणवेश मीच शिवतेय. उंच झालीय पोरगी, फेब्रुवारीत नजरेने घेतलेलं माप चालत नाही.

सोमवार, १६ जून

शाळा सुरू. बजावलं होतं तिने, "पयल्या दिवशी येऊ नका." गेले नाही. दुकानात बसून दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या.

रविवार, २२ जून

आज जिवलीने आपणहून मला एक गोष्ट सांगितली. म्हणाली, "कुनाला सांगितली नाय अजून."

घरी आल्यावर सुनिलने विचारलं, "काय म्हणाली तुझी पोरगी?"

"काही नाही."

इथेही लिहीत नाही.